गुडघ्याच्या मधोमध

आबा, वस्तीतली पोरं मागच्या महिन्यात माझ्या नांदेडच्या घरी आली आणि खोकं फोडून त्यांनी सगळे किल्ट माझ्या दिवाणावर पसरले, तेव्हा आधी तुमची आठवण आली असं म्हटलं तर ते खोटं होईल. आधी हसू आलं. लाल-हिरव्या चौकडीचे, लोकरीसारख्या कापडाचे, बॅगपाइपवाले नेसतात तसले ते चुण्यांचे किल्ट पोरांनी ऑनलाइन मागवले होते, आणि मागवताना सगळ्यांना मिळून मुद्दाम एकच माप सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, बँड म्हणजे गणवेश आणि गणवेश म्हणजे सगळ्यांचं सारखं. आता त्यातला एक पोरगा ताडमाड, आणि ढोल वाजवणारा गोल नि बुटका. घालून बघितले तर ताडमाडाचा काठ मांडीवर आणि बुटक्याचा पोटरीवर. "काका, माप एक हाय, कापड एक हाय, मंग ओळ अशी वाकडी कामून दिसून राहिली?" त्यांचा म्होरक्या विचारत होता. मी म्हणालो, "ओळ कापडाची लावायची नसती रे, गुडघ्याची लावायची असती. ज्याचा किल्ट त्याच्या गुडघ्यावर आला की ओळ आपोआप लागती." बोलून गेलो आणि लक्षात आलं, हे वाक्य माझं नाही. मग मात्र तुम्ही आलात, आणि महिना झाला, गेलाच नाहीत.

पोरांना जयंतीच्या मिरवणुकीसाठी तुमचा बँड पुन्हा उभा करायचा होता. निघताना म्होरक्या उंबऱ्यात थांबून म्हणाला, "काका, तुमीबी फुंका की यंदा. आबाच्या बँडातलं वाजवणारं आता तुमी एकलेच राहिलाव." मी बघू म्हणालो. बघू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओत गेला. तो उजव्यापेक्षा आखूड आहे आणि काठीसारखा बारीक आहे. पॅण्टीत तो झाकून जातो. रेल्वेच्या ऑफिसात मी उभी नोकरी काढली, लोकांना मी लंगडतो एवढं माहीत आहे, पण पाय कसा दिसतो हे कुणाला माहीत नाही. आणि किल्ट हे जगातलं असं एकच कापड असावं की ज्याचा सगळा नेम गुडघ्यावर असतो. खाली मोजे, वर घेर, आणि मध्ये नेमका उघडा राहतो तो गुडघा. तुमच्यामागं मी तो कुणाला दाखवलेला नव्हता. तेव्हा जाऊ की नको, या एका प्रश्नानं मला महिनाभर नीट झोपू दिलं नाही.

तुम्ही पलटणीच्या बँडात बॅगपाइप वाजवत होता. पेन्शन घेऊन लोह्याजवळच्या आपल्या गावी आलात ते एक पत्र्याची पेटी आणि कातडी पिशवीचा तो बाजा घेऊन. मला आठवतं त्या काळात वस्तीतली माणसं शेतात मजुरीला जायची, एखाददुसरा मास्तर झालेला, एखादा तहसिलीत शिपाई. आणि अशा ठिकाणी एक धिप्पाड मिशीवाला माणूस पहाटे घागऱ्यासारखं काहीतरी नेसून माळावर उभा राहायचा आणि काखेत पिशवी दाबून असा सूर काढायचा की कुत्रीसुद्धा गप्प बसायची. हापशावरच्या बायकांना तर तुम्ही आयतेच सापडलात. "भाऊजी, खालचं इसरून आलाव का काय?" एकीनं विचारलं. तुम्ही न थांबता म्हणालात, "इसरलो न्हाई वैनी, सरकारनंच दिलं न्हाई." बायका हसून हसून हंडे विसरल्या. पण त्या चेष्टेत कुणी तुम्हाला बायल्या, नाच्या असलं काही म्हटलं नाही, कारण तो किल्ट तुमच्या अंगावर असा काही बसलेला असायचा की चेष्टा करणाराच जरा सावरून उभा राहायचा. मी तेव्हा लहान होतो, आणि कापड माणसाला असं उभं करू शकतं हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. अजून मला त्याचं नवल वाटतं.

पुढं तुम्ही वस्तीतल्या पोरांना शिकवायला घेतलं. बाजे कुठून कुठून जुने मिळवलेत, आणि किल्टसाठी नांदेडच्या बाजारातून शाळेच्या स्कर्टचं निळं चौकडीचं कापड आणलंत, कारण लोकर परवडणारी नव्हती आणि एप्रिलच्या उन्हात घालणाऱ्याचा जीव गेला असता. कापड साधं होतं, पण नियम पलटणीचे. किल्ट पॅण्टीसारखा कमरेच्या हाडावर टेकवायचा नाही, बेंबीवर बांधायचा. माप जेवण झाल्यावर घ्यायचं आणि छाती-पोट भरून श्वास घेऊन घ्यायचं; उपाशीपोटी घेतलेलं माप पहिल्याच फुंकरीला बक्कल तोडतं. चुण्या मागं, पुढं सपाट, आणि चुणीत चुणी अशी मिटायची की चौकडी कुठं तुटली हे डोळ्याला सापडू नये. हे सगळं झालं की शेवटचं काम. पोराला गुडघ्यांवर बसवायचं, पाठ ताठ, नजर समोर. मग काठ जमिनीला टेकला पाहिजे पण जमिनीवर पडला नाही पाहिजे. तुम्ही काठाखालून पोस्टकार्ड सरकवून बघायचात. पोस्टकार्ड सरकलं पाहिजे आणि काडेपेटी अडली पाहिजे. एवढं जमलं की पोरगा उठून उभा राहायचा आणि काठ बरोबर गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध यायचा. "खाली गेला तं परकर, वर गेला तं चड्डी," तुम्ही म्हणायचात. "मधी ऱ्हायला तोच किल्ट."

मला कुणी बोलावलेलं नव्हतं. तुम्ही माझ्या हातात सरावाची नळी दिली होती, बोटं चांगली वळतात म्हणाला होता, पण मिरवणुकीत चालायचं म्हणजे वेगळं. मीच एका संध्याकाळी म्हणालो, "मलाबी पायजे." माय भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तिला वाटलं असणार, आता हे काहीतरी समजूत घालून बोलतील. तुम्ही समजूत घातली नाहीत. तुम्ही ताटातला घास संपवला, हात धुतला आणि म्हणालात, "जेवण झालं का? उभा ऱ्हा. माप घेतो."

आणि तिथं सगळं अडलं. मला गुडघ्यांवर बसवलंत तर माझी कंबर एका बाजूला कलली. तुम्ही डाव्या गुडघ्याखाली पोतं घडी करून ठेवलंत, कंबर सरळ झाली, काठ टेकला, तुमचं समाधान झालं. मी उठून उभा राहिलो तर काठ पुन्हा तिरका, आणि तोही वेगळ्याच बाजूनं. बसल्यावर एक आणि उभा राहिल्यावर दुसराच. पोतं काढून वीट ठेवली, विटेऐवजी पाट ठेवला. उभं करून काठीनं जमिनीपासून मोजायला गेलात, तर शेणानं सारवलेली आपली जमीन हातभर अंतरात दोनदा उंच व्हायची आणि तीनदा खोल. अंगणात तेच, माळावर त्याहून वाईट. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे. मी मनातल्या मनात तुम्हाला ते म्हणायची मोकळीकसुद्धा देऊन टाकली होती. तुम्ही पाट उचलून भिंतीला लावलात. नंतरचे काही दिवस तुम्ही घरात असूनही नसल्यासारखे होता, पाणी मागायचात आणि दिलेलं पाणी तसंच ठेवायचात.

तुम्हाला उत्तर मिळालं ते एका म्हशीकडून. ते तुम्हीच मायला सांगत होता, मी ऐकत होतो. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीजवळ जनावरांना पाणी पाजायचा हौद होता, एका बाजूनं उतार असलेला, आणि म्हशी त्यात उतरून बसायच्या. त्यांतली एक उभी होती, पुढचे पाय उतारावर, मागचे तळाशी, म्हणजे अंगानं पार तिरकी. हौदातलं पाणी उतरलं तरी ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या अंगावर चिखलपाण्याची रेघ उमटली होती. "म्हैस वाकडी उभी हाय, पर रेघ कशी बघ, सुतात! चारी बाजूनं सुतात!" तुमचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. माय म्हणाली, "मंग?" तुम्ही म्हणालात, "मंग काय मंग? आपल्या गावात सपाट असं एकच हाय. पाणी."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तुम्ही त्या शेतकऱ्याकडे गेलात. वस्तीतली बाकीची माणसं त्यांना मालक म्हणायची. तुम्ही पलटणीतून आल्यापासून 'अहो' म्हणायचात, आणि ते त्यांना खटकायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही सरळ सांगितलंत, पोराला घटकाभर हौदात उभं करायचं आहे, कापडाचं माप घ्यायचं आहे. त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं, तुमच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "जनावरं उतरतेत त्याच्यात. मानूस उतरला तं काय बिघडतंय." ते होकार म्हणून म्हणाले की टोचून म्हणाले, ते मला तेव्हा कळलं नाही, आज वाटतं दोन्ही असेल. परत येताना मी विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्याला रेघ पायजे हाय."

हौदात मला उभं केलंत ते जुन्या लुगड्याचा घेर कमरेला बांधून. किल्टचं कापड तुम्ही भिजवणार नव्हता. आधी कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या नळात कोंबलेली चिंधी काढून पाणी थोडं थोडं बाहेर सोडत राहिलात, माझ्या चांगल्या गुडघ्याच्या मधोमध पाणी येईपर्यंत. मग मला म्हणालात, "आता कुनी बघून राहिलंय असं समजू नको. जसा उभा ऱ्हातोस तसा ऱ्हा. सरळ व्हायला जाऊ नको." आबा, तोपर्यंत मला सगळ्यांनी सरळ उभा राहा असंच सांगितलं होतं, शाळेत, दवाखान्यात, फोटोच्या दुकानात. मी सैल झालो आणि माझं अंग जिथं कलतं तिथं त्याला कलू दिलं. तुम्ही खिशातून जोंधळ्याचा कोंडा काढून पाण्यावर भुरभुरलात. वाऱ्यानं तो फिरला, लुगड्याला येऊन चिकटला, आणि पाणी संथ झाल्यावर मला तसाच उचलून बाहेर काढलंत. लुगड्यातली ओल वर चढत होती, पण कोंड्याची रेघ तिथंच राहिली. तुम्ही माझ्या पायाशी चिखलात बसलात आणि कोळशानं त्या रेघेवर खुणा केल्यात, पुढं, मागं, दोन्ही बाजूंना. हौदाचे मालक कडेला उभे राहून बघत होते. तेही खाली वाकले. "आयला, सुतात हाय की," ते म्हणाले, आणि तुम्ही दोघं त्या रेघेकडं असे बघत राहिलात की तिथं मी उभा आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

एवढ्यावर काम संपलं असतं तर मी इतकं लिहिलंही नसतं. नांदेडच्या शिंप्यानं ते लुगडं पाहून म्हटलं, सोपं आहे, खालून एवढं तिरकं कापून दुमडतो. तुम्ही त्याच्या हातातली कात्री धरलीत. खालच्या काठाला हात लावायचा नाही. काठ तिरका कापला तर चौकडी त्याच्याशी भांडते आणि बघणाऱ्याची नजर पहिली तिथंच जाते. जेवढा फरक खाली निघाला आहे तेवढं कापड वरून काढायचं, कमरेकडून, जिथं पट्टा येतो आणि वर कोट येतो. शिंपी म्हणाला, "मेहनत दुप्पट हाय दादा, आन दिसनार तं काहीच न्हाई." तुम्ही म्हणालात, "दिसू नये म्हनूनच तं दुप्पट." तो मोठा कुशल माणूस होता, त्याला एकदा कळल्यावर त्यानं असा शिवला की कमरेचं तिरपं कापणं त्याच्याशिवाय आणि आपल्याशिवाय कुणाला कधी समजलं नाही. घरी आल्यावर मी तो घालून मायसमोर उभा राहिलो. माय दोन पावलं मागं सरली, मान तिरकी करून बघितलं, सरळ करून बघितलं. मग डोळ्याला पदर लावून चुलीकडं गेली. काठ माझ्याभोवती पाण्यासारखा उभा होता.

पण माणसाचं समाधान कुठं होतं! किल्ट सरळ बसला तसा मला त्याखालचा पाय जास्तच दिसायला लागला. मायनं माझी घालमेल ओळखली आणि डाव्या मोज्यात शेवरीचा कापूस भरून पोटरी तयार करून दिली. सरावाला माळावर गेलो, चार फेऱ्या झाल्या, आणि कापूस घसरून घोट्याशी जमला. पाय दुधी भोपळ्यासारखा दिसायला लागला. पोरं हसली, मीही हसलो, तुम्हीसुद्धा मिशीत हसलात. कापूस निघाला. गुडघा मात्र उघडाच होता आणि त्याला काही उपाय नव्हता, म्हणून जयंतीच्या दिवशी मी बक्कल एक भोक सैल सोडून किल्ट दोन बोटं खाली ओढला. काठ वाटीच्या खाली गेला. ओळ लागली, ढोलावर टिपरी पडणार, एवढ्यात तुम्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलंत. सगळ्या वस्तीसमोर माझ्यापुढं आलात, माझं बक्कल सोडलंत, किल्ट बेंबीवर नेऊन आवळलात. "पाय झाकायचा तं घरी बस," तुम्ही हळू म्हणालात, पण मला ते सगळ्या गावाला ऐकू गेल्यासारखं वाटलं. "हितं कुनी काही झाकायला आलेलं न्हाई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं आलं. त्या दिवशी मी रागानं वाजवलं, आणि लोक म्हणतात फार चांगलं वाजवलं.

मला तुमचा तो राग तेव्हा कठोर वाटला आणि पुढं बरीच वर्षं वाटत राहिला. जो माणूस माझ्यासाठी म्हशीपासून शिकला तो ऐन वेळी दोन बोटांची सूट देत नाही, हे मला जुळवता यायचं नाही. तुमच्यानंतर बँड मोडला, पोरं पुण्या-हैदराबादकडं पोटामागं गेली. मी बाजा घरात वाजवत राहिलो, पण पॅण्ट घालून. घरात पायजमा. लग्न झालं, लेक झाली. तुम्ही तिला पाहिलं नाही, ती लातूरला बँकेत आहे, तिच्या नाकावरचा राग थेट तुमचा. पोरांचे किल्ट दुरुस्त करायला घेतले तेव्हा ती सुट्टीला आली होती. आम्ही ताडमाडाला दिवाणखान्यात गुडघ्यांवर बसवलं, बुटक्याला बसवलं, काठाखालून पोस्टकार्ड सरकवलं. पोस्टकार्ड आता घरात नसतं, लग्नाची पत्रिका घेतली. सगळ्यांचं झाल्यावर खोक्यात एक किल्ट उरला. लेकीनं तो झटकला आणि म्हणाली, "पप्पा, आता तुमचा."

मी म्हणालो, मला गुडघ्यांवर बसता येत नाही आता. ती म्हणाली, "मग उभे राहा." फरशीवर तिनं पट्टी उभी धरली. आपल्या घरातली फरशी, आबा! सपाट, गुळगुळीत, गोटी ठेवली तरी जागची हलायची नाही. पट्टी फिरवत गेली की झालं माप. मी त्या फरशीकडं बघत राहिलो. तुम्हाला एवढंच हवं होतं, एक हातभर सपाट जमीन आणि एक काठी, आणि तेवढी जमीन त्या अख्ख्या वस्तीत कुणाच्या घरात नव्हती. नाही तर नाही, तुम्ही पाण्याकडं गेलात. हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं, आणि सुचल्यावर मी वाकून फरशीवर तळहात टेकवला. पोरीला वाटलं पाय दुखतोय.

मग तिनं पायजमा वर सारायला सांगितला. मी आधी उगाच वेळ काढला, चष्मा पुसला, पंखा कमी केला. सारला. माझ्या लेकीनं माझा गुडघा तोवर कधी पाहिला नव्हता. ती बघत राहिली, मी छताकडं. मग तिनं स्वतःचा सलवारीचा पाय गुडघ्यापर्यंत गोळा केला आणि म्हणाली, "पप्पा, वाटी बघा. तुमची डावी आणि माझी, सेम हाय की." खरंच होती. तशीच बारीक, वर जराशी टोकदार. मला कधी वाटलं नव्हतं की त्या पायात कुणाला देण्यासारखं काही असेल. ती खडू घेऊन माझ्या पायाशी बसली, वर न बघताच विचारलं, "किती ठेवू? खाली हवा असेल तर खाली ठेवते. कोण बघतंय." तिनं सहज विचारलं होतं. पण आबा, तुम्ही मला जे दिलं नाही ते ती देत होती, दोन बोटं, मागितल्याशिवाय, मायेनं. आणि ती मिळते आहे म्हटल्यावर मला कळलं की मला ती नको आहे. तुम्ही ती दिली असतीत तर हौदातलं ते सगळं फक्त कापडासाठी झालं असतं. मी म्हणालो, "मधोमध ठेव."

काल मिरवणूक झाली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. माणसं दोन्ही बाजूंनी, छतांवर, ट्रॉलीवर, पोरी मोबाइल उंच धरून. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होतो. पहिल्या कोपऱ्यापर्यंत मला सगळं जग माझ्या गुडघ्याएवढंच वाटत होतं. मग फुंकर लागली, पिशवी भरली, आणि पुढं मला पाय होता की नव्हता हेही आठवत नाही. एक म्हातारी बाई गर्दीतून पुढं आली, माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "आबाचा पोरगा न्हवं का तू? पायावरून वळखलं." तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. ज्या पायाला मी आयुष्यभर पडद्यात ठेवलं त्यानं माझी ओळख दिली, तीही तुमच्या नावानं.

हे लिहून झालं की काय करायचं ते मला माहीत नाही. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही वाचून म्हणाला असतात, एवढं लिहायला काय झालं, वाजवलं कसं ते सांग. ते ठीक वाजलं. दुसऱ्या सुरावटीला माझा श्वास तुटला होता, पोरांनी सांभाळून घेतलं. लेकीनं मागून व्हिडिओ काढला आहे. मी स्वतःला चालताना मागून कधीच पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलं असेल, तुम्ही ओळीच्या मागून चालायचात. खांदा वर जातो, खाली येतो, चुण्या एका बाजूला झुलतात, आणि डावा पाय टेकून मी क्षणभर स्थिरावतो तेव्हा काठ चहूबाजूंनी सुतात येऊन थांबतो. पुन्हा झुलतो, पुन्हा थांबतो. सकाळपासून मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावतो आहे. लेकीनं विचारलं तेव्हा म्हणालो, पोरांच्या चुण्या कशा पडल्यात ते बघतोय. ते खरं नाही, आबा. मी माझा डावा पाय बघतोय. देखणा दिसतो तो.